ध्रुव दोन मुठी, अगस्त्य दोन मुठी

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा म्युनिकला, मुलगी मेलबर्नला. रात्री गच्चीवर गेलं की वाटायचं, चला, तिघंही एकच चंद्र बघतोय. गेल्या कोजागिरीला मुलगी फोनवर म्हणाली, 'आई, इथे चंद्र उलटा दिसतो गं, ससा डोक्यावर उभा असतो.' ती गमतीत म्हणाली, पण तेव्हापासून मला चंद्राकडे बघवत नाही. आमच्या तिघांत खरोखर सामाईक असं निसर्गात काही आहे का, की ही सगळी मनाची समजूत? यजमान हसतात."

ताई, गेली तीसेक वर्षं मी लोकांना आकाश आणि पक्षी दाखवत फिरतो. माझ्यासोबत येणाऱ्यांतले निम्मे तरी तुमच्यासारखे असतात. ते म्हणतात पक्षी बघायला आलोय, पण पहिल्या चहाला मुलाचा फोटो निघतो. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. उलटा चंद्र मात्र पहिल्यांदाच कुणी इतका मनाला लावून घेतलेला बघतोय.

तर आधी तो चंद्रच सरळ करू. तुमची मुलगी खरं बोलली. म्युनिक उत्तरेला 48 अंशांवर आहे, तिथून चंद्र नेहमी दक्षिणेच्या आकाशातून जाताना दिसतो. मेलबर्न दक्षिणेला 38 अंशांच्या जवळ, तिथे चंद्र बघायला उत्तरेकडे तोंड करावं लागतं. एकाच भिंतीवरचं चित्र एकाने उभं राहून बघावं आणि दुसऱ्याने शीर्षासनात, तसा प्रकार. म्हणजे मुलाचा चंद्र आणि मुलीचा चंद्र खरोखरच एकमेकांच्या उलटे आहेत.

पण तुमचा चंद्र कुठला? सातारा पावणेअठरा अंशांवर आहे. आपल्याकडे चंद्र पुष्कळदा जवळजवळ डोक्यावरून जातो, आणि डोक्यावरच्या चंद्राला वर-खाली असं काही नसतं. तुम्ही कुठे तोंड करता त्यावर ते ठरतं. कोजागिरीला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र माथ्याशी आला की गच्चीवर चटई टाका. पाय उत्तरेकडे करून उताणं पडा: ससा जसा दिसेल तसा तो मेलबर्नला दिसतो. मग उठून चटई फिरवा आणि पाय दक्षिणेकडे करा: हा म्युनिकचा ससा. (दक्षिणेकडे पाय करू नयेत हे मला ठाऊक आहे. झोपायचं नाहीये, पाचच मिनिटं पडायचंय.)

आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपल्याकडे फार थोड्यांनी निरखलेली असते. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी उगवताना सशाचे कान कुठे आहेत ते बघून ठेवा, आणि पहाटे मावळताना पुन्हा बघा. रात्रभरात ससा जवळजवळ पालथा झालेला असतो. म्हणजे उलटा चंद्र तुमच्याही गच्चीवर दर पौर्णिमेला येऊन जातो, फक्त आपण तेव्हा झोपलेलो असतो.

कोजागिरीला आणखी एक सोय आहे. आपल्याकडे रात्री 11 ते साडेअकराच्या दरम्यान म्युनिकला नुकतीच संध्याकाळ सरलेली असते आणि चंद्र पूर्वेला वर आलेला असतो. मेलबर्नला पहाटेचे साडेचार-पाच, चंद्र पश्चिमेला कललेला पण अजून मावळायचा. त्या अर्ध्या तासात तो तिघांच्याही आकाशात एकाच वेळी असतो. मुलीला पहाटे उठवायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशा पहाटे उठते, आईला 'बघितला' एवढं एकच शब्दाचं उत्तर पाठवते आणि परत झोपते. आईला तेवढं पुरतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सामाईक काय, हे विचारताना तुम्ही तिघांना एकसारखं दिसणारं काहीतरी शोधताय. मला विचाराल तर ती वाट चुकीची आहे. तिघांना वेगवेगळं दिसतं, आणि ते वेगळेपण तुमच्या अंगणातून मोजता येतं, हे जास्त जवळचं आहे. कारण तुमचं घर दोघांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

हात ताणून समोर धरलेली मूठ साधारण 10 अंश आकाश झाकते. उत्तरेला ध्रुवतारा शोधा आणि क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. साताऱ्यात दोन मुठी भरायच्या आत ध्रुव येतो. मुलाला म्युनिकला मोजायला सांगा, तो पाच मुठींच्या जवळपास सांगेल. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, दर्यावर्दी शतकानुशतकं यावरच गलबतं हाकत आले. मुलगी कितीही शोधो, तिला ध्रुव दिसणार नाही. तो तिच्या क्षितिजाखालीच राहतो.

आता फेब्रुवारीत रात्री 9च्या सुमारास दक्षिणेकडे वळा. व्याध ओळखता ना? मृग नक्षत्राच्या मागोमाग येणारा, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याच्या खाली दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठींवर दुसरा ठळक तारा दिसेल. तो अगस्त्य, तेजात व्याधाच्या खालोखाल. घर किल्ल्याच्या पायथ्याशी असेल तर अजिंक्यतारा आड येईल, मग दक्षिण मोकळी असलेल्या एखाद्या माळावर जा. म्युनिकहून अगस्त्य कधीच दिसत नाही. मेलबर्नला तो जवळजवळ मावळतच नाही. फेब्रुवारीत मुलीच्या रात्री 10 वाजता तो तिच्या माथ्याजवळ असतो, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेचार, चहाची वेळ. तिच्या माथ्यावरून निघालेला तो तारा पावणेपाच तासांनी तुमच्या दक्षिणेला येऊन उभा राहतो.

हिशेब लक्षात आला का? उत्तरेला मुलाचा ध्रुव, दक्षिणेला मुलीचा अगस्त्य, आणि दोघांचीही उंची दोन मुठींच्या आसपास. भावाला बहिणीचा तारा दिसत नाही, बहिणीला भावाचा दिसत नाही. तुम्हाला दोन्ही दिसतात. साताऱ्यात माझा वर्ग होता तेव्हा हे मी नुसतं भूगोल म्हणून शिकवत होतो. मुलं अशीच दोन दिशांना गेलेल्या एका बाईंनी ते माझ्या देखत स्वतःच जुळवलं, तेव्हा मला कळलं की मी काय शिकवतोय.

दिवसाही हे जमतं, आणि त्याला गच्चीसुद्धा लागत नाही. अंगणात तुळशी वृंदावन असेल तर दुपारी साडेबाराच्या सुमारास, सावली सगळ्यात आखूड असते तेव्हा, ती कुठे पडते ते बघा. वर्षातला बहुतेक काळ ती उत्तरेला पडते. म्युनिकमध्ये मध्यान्हीची सावली बारा महिने उत्तरेलाच असते. मेलबर्नला ती बारा महिने दक्षिणेला असते. साताऱ्यात 11 मेच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या दिवसांपर्यंत तुमच्या तुळशीची सावली मेलबर्नसारखी दक्षिणेला पडते. जूनमध्ये ढग आले की खेळ संपतो, त्यामुळे मे महिना साधायचा. खडूने रेघ मारून तारीख लिहून ठेवा. शाळेत फळ्यावर इतकी वर्षं लिहिलंत, आता फरशीवर लिहा.

आकाश झालं. पण आकाश फार शिस्तीचं असतं, कधी काय दिसणार ते आधीच ठरलेलं. मन लागायला थोडं बेभरवशाचं काहीतरी लागतं, आणि त्यासाठी पक्षी बरे. मुलाच्या नावाने मी तुम्हाला धोबी सुचवतो, कुणी त्याला परीट म्हणतं. सप्टेंबरच्या अखेरीपासून संगम माहुलीच्या घाटावर जाऊन बसायला लागा. पायऱ्यांवर, पाण्याच्या कडेला, शेपटी वरखाली आपटत तुरुतुरु चालणारा सडपातळ पक्षी दिसेल. पोटाखाली पिवळा असेल तर करडा धोबी, बहुधा तोच आधी येतो. मागून येतो तो काळा-पांढरा-राखाडी, पांढरा धोबी. एक सावधगिरी: काळं डोकं आणि पांढरी ठसठशीत भुवई असलेला मोठा धोबी नदीवर बारमाही असतो. तो इथलाच आहे. त्याला पाहुणा समजून पोराला फोन करू नका, मी एकदा एका गृहस्थांना तसा करताना पाहिलंय.

पांढरा धोबी म्युनिकमध्येही असतो, नदीकाठी, हिरवळीवर, गाड्यांच्या तळावरसुद्धा. तो तिथे साधारण मार्चमध्ये येतो आणि ऑक्टोबरात निघतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास येतो, मार्च-एप्रिलमध्ये जातो. एकीकडे उतरला की दुसरीकडे दिसतो, पाळी लावल्यासारखा. आता इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की हे तेच पक्षी नव्हेत. म्युनिकचे धोबी हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या आसपास आणि उत्तर आफ्रिकेत जातात. आपल्याकडे येणारे हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया अशा बाजूंनी येतात. जात एक, गाव वेगळं. 'माझ्या मुलाच्या खिडकीतला पक्षी माझ्या घाटावर आला' असं कुणी गोड सांगितलं तर मान डोलवा, पण वहीत लिहू नका. मानलेलं नातं खोट्या माहितीवर उभं राहिलं की चंद्रासारखं एका फोनवर मोडतं.

किल्ल्यावर चढवत असेल तर हिवाळ्यात थिरथिराही बघा. चिमणीएवढा, नर काळपट आणि पोटाला विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत असते, नाव त्यावरूनच पडलं. तो तटाच्या दगडांवर बसतो. हीच जात जर्मनीत शहरांच्या छपरांवर राहते आणि उन्हाळ्यात पहाटे धुराड्यावर बसून गाते. मूळचा कड्यांवरचा पक्षी, त्याला घरांच्या भिंती म्हणजे कडेच वाटतात. मुलाने त्याचा आवाज पाठवला तर ऐकून घ्या. कुणीतरी खडी चाळतंय असं मधेच वाटतं.

मुलीसाठी पक्षी शोधायला लांब जायला नको. साळुंकी! 1860च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतली कीड खाण्यासाठी साळुंक्या मुद्दाम नेऊन सोडल्या, आणि त्या तिथे ऐसपैस पसरल्या. तिच्या गल्लीतही दिसतील. तुमच्या परसात जो कलकलाट चालतो तोच तिच्या बसथांब्यावर चालतो. मात्र मुलीला सांगा, माहेरचं माणूस म्हणून दाणे घालायला जाऊ नकोस. साळुंकी तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते, लोक तिच्यावर वैतागलेले आहेत. नुसतं ऐकावं.

उलट्या दिशेची भेट तुमच्या जवळच आहे. पाचगणीला जाता ना कधी? रस्त्याच्या कडेचे ते उंच सिल्व्हर ओक मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियातले आहेत. ओक वगैरे काही नाहीत, नाव उगीच पडलंय. पान उलटून बघा, खालून चंदेरी. आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला केशरी, कंगव्यासारखे तुरे येतात. तिकडे ते फुलायला त्यांचा वसंत उजाडावा लागतो, म्हणजे आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर. झाडाने सवय बदलली, इथल्या ऋतूंशी जुळवून घेतलं. लेकींना हे वेगळं सांगायला लागत नाही.

आता एक चूक सांगतो, माझीच. वीसेक वर्षांपूर्वी मुलगा परदेशी गेलेल्या एका काकांना मी सुचवलं, त्याच्या नावाने अंगणात झाड लावा. त्यांनी सोनचाफा लावला. रोज पाणी, रोज बोलणं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला वाळवी लागली आणि झाड गेलं. त्या रात्री 11 वाजता काकांचा फोन आला. आवाज कापत होता: झाड गेलं, आणि दोन दिवस पोराचा फोनही लागत नाही. पोरगा मित्रांबरोबर डोंगरात गेला होता, रेंज नव्हती, इतकंच. पण त्या दोन दिवसांत काकांचं काय झालं असेल ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी कुणाला एका झाडाशी, एका कुंडीशी, खिडकीत येणाऱ्या एका पक्ष्याशी माणूस बांधू देत नाही. एकटा जीव मरतो. बांधायचंच असेल तर येण्याजाण्याशी बांधा. एखादा धोबी वाटेत मेला असेलही, पण धोबी ऑक्टोबरात येतात. आणि एखाद्या वर्षी उशिरा आले तर त्याचा मुलाच्या तब्येतीशी काही संबंध नाही, हे स्वतःला मोठ्याने सांगायचं.

कावळा ओरडला की पाहुणा येतो, असं माझी आजीही म्हणायची आणि भात थोडा जास्त लावायची. पाहुणा आला नाही तर तो कावळ्यालाच जायचा. तिचा कावळ्यावर विश्वास होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण जास्तीचा भात वाया गेला म्हणून ती कधी रडली नाही. संकेत घ्यायचेच असतील तर तिच्यासारखे हलक्या हाताने घ्यावेत.

वही ठेवा. तारीख, जागा, काय दिसलं, एवढंच. मनातलं लिहायचं असेल तर दुसऱ्या वहीत. आणि महिन्यातून एकदोन नोंदी मुलांना पाठवा, जशाच्या तशा: 'माहुली, सकाळी 8, पहिला पांढरा धोबी.' पुढे 'तुम्ही कधी येणार' जोडू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचं मी वर्षानुवर्षं बघतोय: 'कधी येणार'ला पोरांकडून अंगठ्याचं चित्र येतं, आणि धोब्याला उत्तर येतं. कधी फोटो येतो, कधी 'इथले गेले गं परवाच' असं येतं. म्युनिकहून धोबी गेल्याची बातमी येणं आणि पंधरवड्यात तुमच्या घाटावर धोबी दिसणं, हा पत्रव्यवहार मला तरी कुठल्याही व्हिडिओ कॉलपेक्षा बरा वाटतो. झाडाची नोंद करायची हौस असेल तर सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात एकच झाड ठरवून आठवड्याला त्याची पालवी, कळी, फूल, फळ नोंदवतात. शिक्षकांना तो फार मानवतो.

ही समजूत आहे का, असंही तुम्ही विचारलंत. ध्रुव दोन मुठींवर असणं ही समजूत नाही, ते मोजता येतं. ध्रुवाकडे बघून मुलगा आठवणं हे तुमचं मन करतं, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? जात्यावर बसलेल्या बायका वाऱ्यापाखराकडे माहेरचा निरोप देत, तेव्हा माहेर दोन दिवसांच्या बैलगाडीवर असायचं. वारा निरोप नेत नाही, हे त्यांनाही कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. फक्त एक लक्ष ठेवा. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आणि असे आठवडे जायला लागले, तर मग पक्षी पुरणार नाहीत. डॉक्टरांशी बोला, किंवा 14416 या सरकारच्या टेली-मानस क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलतात. हे मी सगळ्यांनाच सांगतो, तुमच्यात तसं काही दिसलं म्हणून नव्हे.

राहिले यजमान. हसू द्या त्यांना, पण गच्चीवर सोबत न्या. अंधारात मुठीवर मूठ ठेवताना मोजदाद चुकते, दुसरं माणूस लागतं. त्यांची मूठ तुमच्यापेक्षा मोठी असेल, म्हणून त्यांचं उत्तर वेगळं येईल असं ते पैजेवर म्हणतील. पैज घ्या. मोठ्या मुठीच्या माणसाचा हातही लांब असतो, त्यामुळे डोळ्यासमोर दोघांच्या मुठी सारख्याच भरतात. ध्रुव त्यांनाही दोन मुठींच्या जरा आतच सापडेल.